‘४० पट ऑक्सिजन’: पण कशाच्या मानाने?

अपृष्ठवंशीय प्राण्यांच्या रक्तप्रथिनांबद्दल वाचायला घेतलं की एक वाक्य हमखास भेटतं: ‘लगवर्मचं हिमोग्लोबिन माणसाच्या हिमोग्लोबिनपेक्षा ४० पट जास्त ऑक्सिजन वाहून नेतं.’ मीही ते एका सादरीकरणात बिनधास्त टाकलं होतं. मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘४० पट, पण कशाच्या मानाने?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून ही पोस्ट.

आधी थोडी ओळख. लगवर्म, म्हणजे आरेनिकोला मरीना, हा युरोपच्या किनाऱ्यांवर वाळूत बीळ करून राहणारा समुद्री किडा. आपलं हिमोग्लोबिन लाल पेशींत बंद असतं, याचं थेट रक्तात विरघळलेलं असतं. फ्रान्सच्या ब्रिटनी भागातल्या हेमारिना या कंपनीने त्यापासून ‘एम१०१’ तयार केलं. प्रत्यारोपणासाठी काढलेला अवयव ज्या थंड द्रावणात ठेवतात, त्यात ते मिसळायचं असतं.

आता गणित करू. लगवर्मच्या हिमोग्लोबिनच्या एका रेणूत १५६ ग्लोबिन साखळ्या असतात, म्हणजे ऑक्सिजन धरायच्या १५६ जागा. माणसाच्या रेणूत ४. भागाकार ३९. झाले आपले ‘४० पट’! पण वजन बघा. लगवर्मचा रेणू सुमारे ३,६०० किलोडाल्टनचा, आपला सुमारे ६४ चा. म्हणजे तो ५६ पट जड आहे. ग्रॅमला ग्रॅम तोललं तर लगवर्मचं प्रथिन आपल्यापेक्षा कमीच ऑक्सिजन धरतं, साधारण ७० टक्के. याचं एक कारण म्हणजे त्यात नुसत्या जोडणीचं काम करणाऱ्या साखळ्याही असतात, ज्या ऑक्सिजन धरत नाहीत.

म्हणजे वाक्य खोटं नाही, पण ट्रकची तुलना रिक्षाशी केल्यासारखं आहे.

अजून एक पायरी पुढे जाऊ. मूत्रपिंडांवरच्या पहिल्या मानवी अभ्यासात, ‘ऑक्सिऑप’मध्ये, एम१०१ चं प्रमाण लिटरला १ ग्रॅम होतं. १ ग्रॅममध्ये सुमारे ४३ मायक्रोमोल जागा, म्हणजे सगळ्या भरल्या तरी जेमतेम १ मिलिलिटर ऑक्सिजन. उलट हवेशी समतोल असलेल्या ४ अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात नुसता विरघळलेला ऑक्सिजनच साधारण ९ मिलिलिटर असतो. मग एम१०१ चा फायदा होत असेल तर तो केवळ ‘जास्त साठा’ म्हणून कसा होईल? बंद पिशवीत विरघळलेला ऑक्सिजन संपत गेल्यावर हळूहळू सोडल्यामुळे? की या प्रथिनाच्या ऑक्सिडीकरणविरोधी गुणामुळे, ज्याची नोंद झालेली आहे? संशोधनाचा खरा प्रश्न इथे आहे आणि ‘४० पट’ हा आकडा नेमका तोच झाकून टाकतो.

याचा अर्थ काम पोकळ आहे असं अजिबात नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाची रचना मला फार आवडते: ५८ दाते, प्रत्येकाच्या दोनपैकी एकच मूत्रपिंड एम१०१ मध्ये. दाता तोच, त्यामुळे तुलना बरीच स्वच्छ. एम१०१ च्या गटात मूत्रपिंड उशिरा कामाला लागण्याचं प्रमाण कमी दिसलं. पण मुख्य उद्देश सुरक्षिततेचा होता, परिणामकारकता दुय्यम. शिवाय कोणत्या मूत्रपिंडाला काय दिलंय हे लपवलेलं नव्हतं. म्हणून ‘आशादायक’ म्हणा, ‘सिद्ध’ म्हणू नका.

आणि रेणूच्या अवाढव्य आकाराचं खरं महत्त्व वेगळंच आहे. माणसाचं हिमोग्लोबिन पेशीबाहेर आलं की त्याचे अर्धे-अर्धे तुकडे होतात, ते मूत्रपिंडातून गाळले जातात आणि त्याला इजा करतात. लगवर्मचं प्रथिन मुळातच पेशीबाहेर राहायला घडलेलं आहे. प्रस्तावनेत ‘४० पट’पेक्षा हे एक वाक्य जास्त वजनदार ठरेल.

तेव्हा संशोधन आराखडा लिहिताना ‘इतके पट’ असं कुठेही दिसलं की थांबा आणि विचारा: रेणूमागे, ग्रॅममागे की लिटरमागे? भागाकार कागदावर स्वतः करा. दोन मिनिटं लागतात. मी ती वाचवली होती आणि भर वर्गात गप्प उभं राहावं लागलं.