पाठदुखी : आधी कोणाकडे?

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीवर एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. 2020 साली जगात सुमारे 61 कोटी 90 लाख लोकांना कंबरदुखी होती, असा अंदाज त्या वेळी देण्यात आला. ही मार्गदर्शिका वाचताना मला सारखा आठवत होता तो पाथर्डी-शेवगावकडचा ऊसतोड कामगार. हंगामात नवरा-बायकोची जोडी (तिला नावच ‘कोयता’!) कारखान्याच्या तोडीवर जाते. दिवसभर वाकून तोडणी करायची, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे.

मोळी उचलताना कंबरेवर किती ताण येतो ते तरफेच्या पाठात फळ्यावर मांडून दाखवता येईल. टेकू कंबरेच्या मणक्यात आहे. पाठीचे स्नायू त्या टेकूपासून जेमतेम 5 सेंटिमीटरवर ओढ देतात. 20 किलोची मोळी 50 सेंटिमीटर पुढे धरली, तर तोल राखायला स्नायूंना 200 किलो वजनाइतका जोर लावावा लागतो. वाकलेल्या धडाचे वजन यात धरलेलेच नाही. मोळी अंगाजवळ घेऊन अंतर निम्मे केले की हा जोरही निम्मा होतो. आता प्रश्न असा, की ही साधी गोष्ट त्या कामगाराला कोण सांगणार?

कंबर धरली की तो आधी इंजेक्शन घेतो. दुखणे राहिले तर तालुक्याला एक्स-रे आणि पैसे जुळले तर नगरला एम.आर.आय. तिथे ‘चकती झिजली आहे’ असे ऐकून तो हादरतो. पण पाठीची काहीही तक्रार नसलेल्या माणसांच्या अशा तपासण्यांचा एक आढावा 2015 साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या 37 टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या 96 टक्के माणसांच्या चकत्या झिजलेल्या आढळल्या. म्हणजे चित्रात झीज दिसली, तेवढ्याने दुखण्याचे कारण सापडले असे होत नाही. बहुतेक कंबरदुखीत असे एखादे नेमके कारण सापडतच नाही.

मार्गदर्शिकेचा भर रुग्णाला नीट समजावून सांगण्यावर आणि व्यायामावर आहे. हे काम शिकलेला माणूस म्हणजे भौतिकोपचारतज्ज्ञ, आपल्या बोलण्यातला फिजिओथेरपिस्ट. तो डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय रुग्ण पाहू शकतो का? ऑस्ट्रेलियाने 1976 मध्येच याला होकार दिला. आपल्याकडेही 2021 च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्याने त्याला स्वतंत्रपणे व्यवसाय करण्याची मोकळीक दिली आहे. लोणीला आणि नगरजवळ विळद घाटात भौतिकोपचाराची महाविद्यालये आहेत. तेव्हा जिल्ह्यात शिकलेली माणसे नाहीत, असे म्हणता येणार नाही.

डॉक्टरांचा आक्षेप मात्र रास्त आहे. पाठदुखीमागे मणक्याचा क्षय, कर्करोग किंवा दबलेली नस असली तर? ताप, घटते वजन, पायातली वाढती अशक्तता, जांघेतला बधिरपणा, लघवीवरचा ताबा जाणे – यांपैकी काही असेल तर रुग्णाला ताबडतोब पुढे पाठवायला हवे. पण पहिली भेट डॉक्टरांचीच असली पाहिजे, असे यातून सिद्ध होत नाही. आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून खेड्यातल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. स्वतः काय करायचे आणि कोणाला दवाखान्यात पाठवायचे, हे त्या शिकल्या. चार वर्षांहून अधिक काळ शरीररचना शिकलेल्या पदवीधराला हे जमणार नाही, असे मानायचे का?

माझी तक्रार वेगळीच आहे, आणि ती फिजिओथेरपिस्टबद्दल आहे. याच मार्गदर्शिकेने दीर्घकालीन कंबरदुखीसाठी कमरेचा पट्टा, वजने लावून कंबर ताणणे, विजेचा सौम्य झटका आणि अल्ट्रासाउंडचा शेक यांची शिफारस केलेली नाही. आपल्याकडच्या किती दवाखान्यांत नेमके हेच चालते! रुग्णाला यंत्राखाली निजवायचे, दहा बैठकांचे पैसे घ्यायचे आणि जाताना पट्टा बांधून द्यायचा. रुग्णालाही यंत्र लागले की उपचार झाल्यासारखे वाटते. ‘नुसता व्यायाम’ सांगणाऱ्याला तो पैसे द्यायला कुरकुरतो. अशा ठिकाणी तो आधी गेला काय आणि नंतर गेला काय, फरक एवढाच की पैसे दुसऱ्याच्या गल्ल्यात पडतात.

मार्गदर्शिकेतही एक उणीव आहे. ती तीन महिन्यांहून जुन्या दुखण्याबद्दल बोलते. ऊसतोडीचा हंगाम पाचएक महिन्यांचा. दुखणे जुने होण्याची वाट पाहिली तर निम्मा हंगाम सरतो. ‘हळूहळू कामाला लागा’ हा सल्ला चांगला आहे, पण खाडा पडला की मुकादम उचलीतून पैसे कापतो. हंगामात आठवड्यातून एक दिवस महाविद्यालयातले शिक्षक आणि विद्यार्थी तोडणी कामगारांच्या कोप्यांवर गेले, संध्याकाळी गाड्या रवाना झाल्यावर त्यांच्या पाठी तपासल्या आणि मोळी अंगाजवळ घेऊन कशी उचलावी ते करून दाखवले, तर त्याला ना यंत्र लागेल ना चिठ्ठी. आणि मोळी मुळात केवढी बांधायची, हे त्यांना मुकादमाशीही बोलावे लागेल.