विकलेलं चित्र, राखलेली जमीन

कॅलिफोर्नियात सांता बार्बरा इथं रे स्ट्राँग आणि आर्तुरो टेलो यांनी १९८६ साली 'ओक ग्रुप' सुरू केला. बांधकामाचा धोका असलेल्या टेकड्या, कुरणं, समुद्रकाठचे कडे स्थानिक चित्रकारांनी तिथं उभं राहून रंगवायचे आणि विक्रीतला मोठा वाटा जमिनी राखणाऱ्या संस्थांना द्यायचा, अशी यांची रीत. १९९८ साली विकत घेऊन राखलेले कार्पिंटेरियाचे कडेही त्यांनी रंगवले.

हेतूला नमस्कार, पण चित्र म्हणून काय? ओकखालची जांभळट सावली, उन्हाळ्यात पिवळं पडलेलं गवत (देशावरच्यांना माळ आठवेल) सुरेख उतरतं. खटकतं ते हे, की ज्यामुळे चित्र काढावं लागलं ते आखणीच्या खुंट्या, बुलडोझर चित्रात सहसा नसतात. दिवाणखान्यात शोभेल तेच खपणार, हे मान्य. घेणारेही आपल्यासारखेच, टेकडी कापून वसवलेल्या वसाहतीत राहणारे.

पण याच स्ट्राँग यांनी १९३४ मध्ये अर्धवट बांधलेला गोल्डन गेट पूल रंगवला होता. टेकड्या, निळं पाणी, आणि त्यात काँक्रीटचे ठोकळे नि तांबडे मनोरे. काही झाकलेलं नाही, तरी चित्र देखणंच. ते आज वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे.