'होवो' या क्रियापदातील इच्छा : टिळक, लक्ष्मीबाई आणि ख्रिस्ती प्रार्थना

१

नारायण वामन टिळकांच्या (१८६१–१९१९) ख्रिस्ती भक्तिकवितेविषयी मराठी समीक्षेने एक निष्कर्ष जवळजवळ सिद्धवत मानला आहे : तिचा आशय ख्रिस्ती, घाट मात्र वारकरी. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, हे टिळकांचे सर्वपरिचित प्रतिपादन या निष्कर्षाला आधार पुरवते. परंतु आशय आणि घाट असे विभाजन एकदा स्वीकारले की एक मूलगामी प्रश्न अलक्षित राहतो. प्रार्थनेत माणसाची इच्छा ईश्वराच्या इच्छेशी जुळते, म्हणजे नेमके काय घडते? आणि ज्या भाषेला हे जुळणे एका विशिष्ट रीतीने सांगण्याची शतकांची सवय आहे, तिच्यात ते वेगळ्या रीतीने सांगता येते काय? प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे.

२

ख्रिस्ताने शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेत भाकरीची मागणी नंतर येते. त्याआधी ईश्वराचे नाव, राज्य आणि इच्छा यांविषयीच्या तीन विनंत्या येतात. त्यांपैकी इच्छेविषयीची विनंती मराठीत 'होवो' या क्रियापदाने पूर्ण होते. हे तृतीय पुरुषी आज्ञार्थी रूप मोठे अर्थपूर्ण आहे. त्यात बोलणारा कर्ता नसतो आणि ऐकणाऱ्याला थेट आज्ञाही नसते. तरीही बोलणारा अलिप्त नाही. ते घडावे, असे त्याला वाटते. स्वतःची इच्छा उच्चारूनच तो तिला मागे सारतो.

मराठी वाचकाला हे रूप अपरिचित नाही. ज्ञानेश्वरांच्या पसायदानातील अनेक क्रियापदे याच घडणीची आहेत. मात्र पसायदानात मागणाऱ्याची स्वतःची वासना आणि त्याचे मागणे यांत संघर्ष नाही; ग्रंथसिद्धीनंतरचे ते विश्वात्मक मागणे आहे. गेथशेमाने बागेतील प्रार्थनेत हा संघर्षच केंद्रस्थानी येतो. दुःखाचा प्याला टळावा, ही ख्रिस्ताची इच्छा तो लपवीत नाही. आधी ती उच्चारतो आणि मगच पित्याच्या इच्छेला अग्रक्रम देतो. इ. स. ६८०–६८१ च्या कॉन्स्टंटिनोपल येथील धर्मपरिषदेने ख्रिस्ताच्या ठायी मानवी आणि दैवी अशा दोन इच्छा मानल्या, त्या याच कारणाने. मानवी इच्छा दैवी इच्छेचे अनुसरण करते. तिच्यात विरून जात नाही. ख्रिस्ती प्रार्थनेतील ऐक्य हे दोघांचे ऐक्य आहे.

३

शिरड शहापूर परिसरातून वर्गात येणाऱ्या विद्यार्थ्यांना हा भेद समजावताना जवळच्याच औंढा नागनाथची कथा उपयोगी पडते. विसोबा खेचर शिवपिंडीवर पाय ठेवून पडले आहेत. नामदेव ते पाय उचलून जिथे ठेवू पाहतात, तिथे पिंडी उभी राहते. देव नाही अशी जागाच उरत नाही, हा त्या कथेचा बोध. त्यापूर्वीचा नामदेव विठ्ठलाशी रुसणारा, भांडणारा, हट्ट धरणारा आहे. विसोबांचा उपदेश या हट्टाखालचा दुजेपणाच काढून घेतो. इच्छांचा प्रश्न येथे 'दोन' या संख्येचाच निरास करून सुटतो.

टिळकांना जी भाषा वारशाने मिळाली, तिचा ओढा या विलयाकडे आहे. त्यांच्या श्रद्धेचा ओढा मात्र अनुसरणाकडे आहे. 'अभंगांजली'तील भक्तिरचना या दोन ओढींमधील ताणातून घडते, असे मला वाटते. या ताणावर टिळकांनी शोधलेला तोडगा म्हणजे ख्रिस्ताला दिलेले 'माउली'पण. आई आणि लेकरू एक नव्हेत. म्हणून लेकराचा हट्ट टिकतो. निर्णय मात्र आईचा. वारकरी संप्रदायाने घडविलेल्या या नात्यात टिळकांनी दोन इच्छांचे तत्त्व बसविले. म्हणजे घाटानेच येथे आशयाचे काम केले.

या तोडग्याची मर्यादाही नोंदविली पाहिजे. आईच्या कुशीत शरणागती फार लवकर साधते. टिळकांच्या भक्तिरचनेत समर्पणाचा आनंद विपुल आहे. टाळावासा वाटणारा प्याला क्वचितच समोर येतो.

४

तो प्याला पाहायचा, तर 'स्मृतिचित्रे'कडे वळावे लागते. 'देवाची इच्छा, हे ठरवलं कोणी?' असा प्रश्न टिळकांवरील तासिकेत एका विद्यार्थिनीने मला विचारला होता. त्याचे उत्तर टिळकांच्या कवितेत मला सापडले नाही. लक्ष्मीबाईंच्या गद्यात त्याची दिशा सापडली. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी १९०० साली. पतीला जी ईश्वरी हाक वाटली, ती पत्नीच्या वाट्याला घर मोडण्याच्या रूपाने आली. मधल्या पाच वर्षांत लक्ष्मीबाई पतीच्या श्रद्धेला अनुमोदन देत नाहीत. त्या स्वतःच्या अनुभवाने, प्रथम सोवळेओवळे आणि जातिभेद यांविषयी प्रश्न करीत, स्वतःच्या वाटेने त्या श्रद्धेपर्यंत येतात.

निवेदनाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. हे लेखन श्रद्धा स्थिरावल्यावर, पुष्कळ वर्षांनी झाले. ऑगस्टीनच्या आत्मकथनात सारे निवेदन ईश्वरालाच उद्देशून असल्याने भूतकाळातील प्रत्येक वळण ईश्वरी योजनेत आपली जागा घेते. लक्ष्मीबाई वाचकाशी बोलतात. पूर्वीच्या लक्ष्मीचा आक्रोश, राग, हट्ट त्या मागाहून आलेल्या श्रद्धेच्या रंगात बुडवीत नाहीत. टिळकांच्या लहरींकडे तर त्या मिस्किलपणे पाहतात. आपली पूर्वीची इच्छा चूक होती, असे न म्हणताही आज आपण दुसऱ्या इच्छेच्या मागे चालतो, हे त्या दाखवू शकतात. दोन इच्छांचे तत्त्व मराठीत सिद्धान्त म्हणून नव्हे, अनुभव म्हणून उतरले ते येथे.

पंडिता रमाबाईंचा दाखला या संदर्भात पूरक ठरतो. १८८३ मध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यावर चर्चच्या अधिकाऱ्यांची आज्ञा म्हणजे ईश्वराची आज्ञा, हे समीकरण त्यांनी पत्रव्यवहारात ठामपणे नाकारले. ईश्वरापुढे नमणे आणि त्याच्या नावाने बोलणाऱ्यापुढे नमणे यांत त्यांनी अंतर राखले. समर्पणाच्या साहित्याची समीक्षा करणाऱ्यानेही ते राखले पाहिजे. एरवी 'समर्पण' हा शब्द दुर्बलाकडून मागितलेल्या मुकाट्याचे सोज्ज्वळ नाव होऊन बसतो.

५

टिळकांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले आणि त्यांच्या पश्चात लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. ही घटना सामान्यतः पतिनिष्ठेचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. उपरोक्त विवेचनानंतर ती वेगळी दिसावी. आपली इच्छा ज्या बाईने कधी पुसू दिली नाही, तिनेच दुसऱ्याने आरंभिलेले कार्य स्वतःच्या शब्दांत पुढे नेले. 'होवो' म्हणण्यासाठी म्हणणारा उरावा लागतो. टिळकांच्या भक्तिकवितेने हे सत्य माउलीच्या रूपकात जतन केले. 'स्मृतिचित्रे'ने त्याची किंमत सांगितली. मराठीतील ख्रिस्ती प्रार्थनेचा विचार या दोन संहिता एकत्र वाचल्याखेरीज पूर्ण होणार नाही.