चौलचे ‘अरबी’ अवशेष : एक परीक्षण

ह्या टांचणाचें निमित्त लहान आहे. येथील शिवाजी पेठेंतील एका संग्राहक स्नेह्यांकडे डॉ. जेर्सन द कुन्या यांच्या चौल व वसई ह्या स्थळांवरील इंग्रजी ग्रंथाची (मुंबई, १८७६) जुनी प्रत नुकतीच आली. पूर्वीच्या कोणा मालकानें तिच्या समासांत पेन्सिलीनें खुणा केल्या असून जेथें मशीद, हमामखाना किंवा घुमट यांचा विषय निघतो तेथें ‘अरबी’ असा शेरा मारिला आहे. शेरा मारणारा अज्ञात आहे. त्याची समजूत मात्र आजही पुष्कळांची आहे. चौल हें अरबांचें जुनें बंदर, म्हणून चौलांतील मुसलमानी इमारत ती अरबी, असें हें अनुमान होय. आमच्या मतें तें टिकत नाहीं.

चौलास अरबांची मोठी वसती होती, याबद्दल वाद नाहीं. अरब लेखकांचें ‘सैमूर’ तें चौल, हें बहुतेक संशोधकांस मान्य आहे. मसऊदी हा हिजरी ३०४ मध्यें, म्हणजे इ. स. ९१६ च्या सुमारास, स्वतः तेथें आला होता. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इत्यादि ठिकाणचे सुमारें दहा हजार मुसलमान तेथें राहत होते, त्यांत ह्याच देशांत जन्मलेले ‘बयासिरा’ही होते, आणि त्यांच्यांतीलच एकाकडे त्यांचें मुख्यत्व असे, असें तो सांगतो. त्याच शतकांतील इस्तख्री सैमुरास जामा मशीद असल्याचें नमूद करितो. अबू दुलफ याची मशिदी, चर्चें, यहुद्यांचीं प्रार्थनास्थळें व अग्निमंदिरें अशी भरगच्च यादी आहे. परंतु त्याच्या एकंदर प्रवासाबद्दलच विद्वानांस शंका असल्यानें तिच्यावर भार टाकणें बरें नव्हे.

मसऊदीच्या साक्षीस बळकटी आणणारी एक गोष्ट हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं अवश्य ध्यानांत घ्यावी. त्या वेळच्या राजाचें जें नांव तो देतो तें शिलाहार झंझ याचें होय. अरबी लिपींत ज, ह व ख यांचें अंग एकच. भेद काय तो नुक्त्यांचा. नकलाकाराचा नुक्ता चुकला कीं नांव बदललें. अशा स्थितींत झंझ हें वाचन निश्चित झालें तें उत्तर कोंकणच्या शिलाहारांच्या ताम्रपटांतील वंशावळीमुळें. (हे शिलाहार ठाण्याचे, करवीरचे नव्हेत.) बगदादच्या प्रवाशाचा शब्द कोंकणच्या तांब्यानें पारखला गेला. पुढें शके १०१६ च्या खारेपाटण ताम्रपटांत स्थानक व शूर्पारक ह्या बंदरांच्या बरोबरीनें चेमूलीचें नांव येतें. अर्थात् बंदर, त्याचा राजा व तेथील वसती हीं तिन्ही लेखी पुराव्यानें सिद्ध आहेत.

प्रश्न इमारतींचा आहे. राजकोटाजवळील मशीद व हमामखाना यांची घडण दख्खनच्या सुलतानांच्या काळांतील इमारतींशीं जुळते. निजामशाहीपर्यंत त्या खालीं ओढाव्या लागतात. रेवदंड्याचा कोट तर उघडच पोर्तुगीजांचा : बुऱ्हाण निजामशहाच्या परवानगीनें १५२१ त आरंभिलेला, १५२४ त पुरा झालेला, आणि १७४० त मराठ्यांकडे आलेला. मसऊदी आणि राजकोटाजवळील ती मशीद यांच्यांत सहाशें वर्षांचें अंतर आहे. तें ‘अरबी’ ह्या एका शब्दानें बुजवितां येत नाहीं.

मग दहा हजार लोकांचीं घरें गेलीं कोठें? ह्याचें उत्तर मला बार्बोझाच्या एका साध्या वाक्यांत सांपडतें. सोळाव्या शतकाच्या आरंभीं चौलचीं घरें चांगलीं असलीं तरी सर्व गवतानें शाकारलेलीं होतीं, असें तो लिहितो. गांव नांदतें असतांही जर ही स्थिति, तर दहाव्या शतकांतील वखारी व माड्या बहुधा लांकूड, माती आणि गवत यांच्याच असाव्यात. सिराफच्या व्यापाऱ्यांस ह्यांत नवल वाटलें नसतें. त्यांच्या स्वतःच्या गांवींही घरांस साग वापरीत. मात्र सिराफ येथें १९६६ पासून झालेल्या उत्खननांत तेथील मोठी जामा मशीद पायासकट उघडी झाली. चौल येथें डेक्कन कॉलेजतर्फे विश्वास गोगटे प्रभृतींनीं खोदकाम केलें, त्यांत सातवाहनकालीन बंदराचे अवशेष हातीं आले. इस्तख्रीची मशीद अद्याप मातीखालींच समजली पाहिजे.

द कुन्या यांच्या ग्रंथाचें मोल आम्ही कमी लेखीत नाहीं. पोर्तुगीज अवशेष व शिलालेख यांसंबंधीं तो आजही हाताशीं असावा. त्यांतील दोष भराचा आहे. जेथें दगड उभा आहे तेथें लेखणी रमते; जेथें नाहीं तेथें प्रवाशांचे उतारे देऊन ती पुढें जाते. त्यामुळें उताऱ्यांतील अरब आणि डोळ्यांसमोरील घुमट यांची सांगड वाचक आपणच घालूं लागतो. आमच्या समासकारानें नेमकें तेंच केलें.

शिवाय अरबांच्या सत्तेचा जो अस्सल कोंकणी पुरावा, तो द कुन्या यांच्या वेळीं उजेडांत आला नव्हता. चिंचणी येथील शके ८४८ च्या ताम्रपटांत, राष्ट्रकूट तिसऱ्या इंद्राच्या अमलांत संयान म्हणजे संजाण येथें मधुमति सुगतिप हा ‘ताजिक’ अधिकारी असल्याचें नमूद आहे. मधुमति म्हणजे महंमद, ताजिक म्हणजे अरब. त्यानें काय केलें? नदीवर फुकट तरी ठेवल्या, अन्नसत्र घातलें, आणि एका ब्राह्मणानें बांधविलेल्या मठिकेस राजाच्या संमतीनें जमीन दिली. अरब अंमलदाराचें नांव ज्या वास्तूशीं ताम्रपटानें जोडलें आहे, ती मठिका निघावी! घुमटावरून अरब शोधणाऱ्यास ती कधींही सांपडली नसती.

करवीरकरांस हा मुद्दा समजण्यास लांब जावें लागत नाहीं. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर मिळालेली रोमन समुद्रदेवतेची कांस्यमूर्ति टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयांत आहे. ती पाहून ब्रह्मपुरीस रोमन नगर कोणी म्हणत नाहीं. तेथें व्यापार पोंचला होता, इतकेंच आपण म्हणतों.

चौल-रेवदंड्याकडे जाणाऱ्या संग्राहकांस एक सांगणें आहे. पडक्या भिंतींतील कोरीव दगड उचलून आणूं नयेत. जागेवरून हलला कीं त्याची साक्ष निम्मी होते. त्यापेक्षां काजी, खतीब व देवस्थानें यांच्या घराण्यांतील सनदा, महजर आणि इनामांचे कागद यांच्या नकला कराव्यात, आणि कागद कोणत्या गांवीं व कोणत्या वास्तूसंबंधीं मिळाला हें नकलेवरच लिहावें. मशिदीच्या दिवाबत्तीच्या एखाद्या इनामपत्रावरून तिची निदान खालची कालमर्यादा तरी ठरेल.

समासांतील ते शेरे खोडावे काय, असें स्नेह्यांनीं विचारिलें होतें. खोडूं नयेत, असें मीं सुचविलें, आणि हमामखान्याच्या पानांत तारखेसह एक वेगळी चिठ्ठी घालून ठेविली आहे.