रोतोंद कारंजे : प्रदक्षिणेवाचून न कळणारे शिल्प

सार्वजनिक कारंज्याचे मूल्यमापन करताना दोन प्रश्न विचारावेत. ते काय सांगते? आणि ते समजून घ्यायला पाहणाऱ्याला जागा मिळते का? दक्षिण फ्रान्समधील प्रोव्हान्स प्रांतात एक्स-आं-प्रोव्हान्स हे शहर आहे. तेथील रोतोंद कारंजे पहिल्या प्रश्नाला उत्तम उत्तर देते, दुसऱ्यापाशी अडखळते.

हे कारंजे १८६० साली कूर मिराबो या प्रशस्त, वृक्षांकित रस्त्याच्या पश्चिम टोकाला उभे राहिले. आराखडा तेओफिल द तूर्नाद्र या अभियंत्याचा. खालचे कुंड ३२ मीटर व्यासाचे, तर एकूण उंची १२ मीटर. खाली सिंह आणि हंसांवर बसलेली बालके आहेत. माथ्यावर पाठीला पाठ लावून तीन स्त्रीमूर्ती उभ्या आहेत. रामुस यांनी घडवलेली न्यायदेवता शहराकडे पाहते, शाबो यांची कृषिदेवता मार्सेयकडे आणि फेरा यांची कलादेवता आव्हिन्योंकडे.

या दिशांमध्येच रचनेचा अर्थ आहे. फ्रेंच राज्यक्रांतीपर्यंत प्रोव्हान्सचे उच्च न्यायपीठ एक्समध्ये होते. म्हणूनच न्यायदेवतेचे तोंड शहराकडे असणे अर्थपूर्ण वाटते. तीन शिल्पकारांचे काम असूनही मूर्ती एकसंध वाटतात, हे आराखड्याचे यश होय.

मात्र तिन्ही मूर्ती एका जागेवरून दिसत नाहीत. त्यासाठी प्रदक्षिणा घालावी लागते, आणि आज ती प्रदक्षिणा मुख्यतः मोटारी घालतात. चालकाला वर पाहायला सवड नसते. पादचाऱ्याला रहदारीपलीकडे, चौकाच्या कडेने फिरावे लागते. पाणी दिसते, पण हाताशी येत नाही.

याच शहरातले चार डॉल्फिनांचे कारंजे तुलनेसाठी घ्या. ते १६६७ साली झां-क्लोद रांबो यांनी घडवले. मधोमध निमुळता स्तंभ, त्याच्या पायथ्याशी चार डॉल्फिन आणि त्यांच्या मुखातून पडणारे पाणी, एवढीच रचना. त्यात रूपकांचा भार नाही. लहान चौकात माणूस सहज त्याच्या काठाशी पोहोचतो.

यावरून भव्यता हा दोष ठरत नाही. मोठे रस्ते जिथे मिळतात तिथे १२ मीटर उंची शोभतेच. दोष आहे तो शिल्प आणि नागरिक यांच्यात आलेल्या अंतराचा. ते अंतर पुढच्या काळातील वाहतुकीने वाढवले, म्हणून त्याची जबाबदारी केवळ शिल्पकारांवर टाकता येणार नाही.

विचारार्थ प्रश्न : आपल्या शहरातील एखाद्या चौकातील स्मारकापर्यंत पायी पोहोचता येते का? नसल्यास त्याला ‘सार्वजनिक’ का म्हणावे?