ब्लॉगचा रूपबंध आणि मौन

ब्लॉग कालबाह्य झाला, हा निष्कर्ष वाचकसंख्येवरून काढला जातो. त्याच्या रूपबंधाचा विचार त्यात क्वचितच असतो. लेखनस्वातंत्र्य समाजमाध्यमेही देतात. ब्लॉगचे वेगळेपण आहे ते त्याच्या तारीखवार रचनेत. ‘सलाम पॅक्स’ या टोपणनावाने बगदादमधून लिहिल्या गेलेल्या ब्लॉगमधील नोंदी मार्च २००३ मध्ये, बॉम्बवर्षाव सुरू असताना, थांबल्या. लेखक जिवंत आहे की नाही, या चिंतेत वाचक होते. मधल्या काळात लिहून ठेवलेल्या नोंदी मे महिन्यात प्रसिद्ध झाल्या. येथे खंड हाही संहितेचाच भाग ठरतो. (रोजनिशीच्या समीक्षेनेही अशा खंडांकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही.) समाजमाध्यमांवर मजकुराचा क्रम बहुधा संगणकीय सूत्र ठरवते; एक लेखक गप्प झाला की त्याची जागा दुसऱ्याचा मजकूर घेतो, आणि कोणी गप्प झाले आहे हे वाचकाला कळतही नाही.