जीर्णोद्धार आणि पाठशुद्धि
(भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या निमित्तानें)

मुंबईस भायखळ्याला राणीच्या बागेच्या तोंडाशीं जें वस्तुसंग्रहालय आहे, त्याच्या दुरुस्तीविषयीं आजवर पुष्कळ स्तुतिपर लिहिलें गेलें आहे, व तें बव्हंशीं यथार्थही आहे. २००३ सालीं मुंबई महानगरपालिका, इन्टॅक व जमनालाल बजाज प्रतिष्ठान या तिघांमध्यें करार होऊन काम हातीं घेण्यांत आलें. २००५ सालीं युनेस्कोनें आशिया-प्रशांत विभागांतील वारसा-संवर्धनाचें पहिल्या प्रतीचें पारितोषिक त्यास दिलें. आणि २००८ च्या जानेवारींत इमारत लोकांस पुन्हां खुली झाली. कामाच्या कौशल्याशीं आमचा वाद नाहीं. वाद आहे तो पद्धतीचा, आणि तो जुन्या पोथ्या हाताळणाऱ्यांस इतरांपेक्षां लवकर उमगेल असें वाटतें.

प्रथम थोडा पूर्ववृत्तांत. १८५५ च्या पॅरिस येथील प्रदर्शनासाठीं मुंबई इलाख्यांतून ज्या वस्तु जमविण्यांत आल्या, त्यांतून या संग्रहाचा आरंभ झाला. तो कोटांतील टाउन बरॅक्समध्यें ठेविला होता. १८५७ सालीं उठावाची धामधूम सुरू होतांच लष्करास ती जागा हवी झाली; वस्तु घाईघाईनें बाहेर काढण्यांत आल्या व त्यांत पुष्कळांची नासधूस झाली. पुढें डॉ. जॉर्ज बर्डवुड, नाना शंकरशेट व डॉ. भाऊ दाजी यांनीं खटपट करून लोकवर्गणी उभी केली. १८६२ सालीं पायाचा दगड बसला. परंतु कापसाची तेजी ओसरून १८६५ सालीं शेअरबाजार कोसळला आणि त्याबरोबर दात्यांचे हातही आंखडले. ता. २ मे १८७२ रोजीं एकदांची इमारत खुली झाली, ती व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट या राजदंपतीच्या नांवानें. भाऊ दाजींचें नांव तिला मिळावयास १९७५ साल उजाडावें लागलें.

इमारत बाहेरून धीरगंभीर, पॅलाडिओच्या वळणाची आहे; आंत शिरतांच मात्र ओतीव लोखंडाचे खांब, नक्षीदार कठडे, मिंटनच्या रंगीत फरशा आणि छतावरील सोनेरी वेलबुट्टी यांनीं दृष्टि दिपून जाते. आम्ही अलीकडे तेथें गेलों असतां बरोबरच्या एका माजी विद्यार्थ्यानें वर पाहून विचारिलें, "गुरुजी, हें सोनें १८७२ चें कीं आतांचें?" चाळीस वर्षें संस्कृत शिकविलेल्या माणसास पाठ ओळखतां यावा; पण खालीं उभें राहून नुसत्या डोळ्यांनीं तो ओळखतां येत नाहीं, हें आम्हांस निमूटपणें कबूल करावें लागलें. जुन्याच्या शेजारीं नवें इतकें बेमालूम बसलें आहे! कारागिरांस ही स्तुति वाटेल, आणि त्यांच्यापुरती ती आहेच. संशोधकाच्या मनांत मात्र येथूनच शंकेस प्रारंभ होतो.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सित आवृत्ति काढिली, तिचें आदिपर्व डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांच्या संपादनानें १९३३ सालीं पुरें झालें. त्यांत मूळाच्या जवळचा वाटला तो पाठ वर छापिला आहे. परंतु टाकून दिलेलें एकही अक्षर फेंकून दिलेलें नाहीं. जो पाठ गाळला तो तळाशीं आहे, जो श्लोक प्रक्षिप्त ठरविला तोही आहे, आणि जेथें संपादकास स्वतःसच खात्री नव्हती तेथें अक्षरांखालीं नागमोडी रेघ आहे. ही नागमोडी रेघ आम्हांस साऱ्या ग्रंथाचा प्राण वाटते. संपादकाचा निर्णय चुकला तरी वाचक त्याच ग्रंथाच्या आधारें तो दुरुस्त करूं शकतो.

इमारतीचा जीर्णोद्धार हेंही एक संपादनच होय. दीडशें वर्षांत तिच्यावर रंगाचे थर चढतात, डागडुजी होते, कोणी कांहीं बुजवितो, कोणी कांहीं नवें खोंचतो. त्यांतील कोणता थर ठेवावयाचा व कोणता खरवडावयाचा, हा पाठनिर्णय आहे. येथें निर्णय १८७२ च्या वैभवाच्या बाजूनें झाला. तो बरोबरही असेल. परंतु भिंतीला तळटीप नसते. पोथींत लेखक चुकलेल्या अक्षरावर हरताळ लावितो, तेव्हां निदान पिंवळा डाग राहतो, आणि उजेडाकडे धरलें असतां कित्येकदां खालचें अक्षरही वाचतां येतें. भिंतीवरचा थर एकदां खरवडला कीं गेला. म्हणून आमची सूचना अशी कीं, दालनाच्या एखाद्या कोंपऱ्यांत हातभर जागा जुन्या थरांसह उघडी राखावी, आणि कोणता भाग मूळचा, कोणता पुन्हां ओतलेला व कोणता अनुमानानें रंगविलेला हें दाखविणारा नकाशा, दुरुस्तीपूर्वीच्या छायाचित्रांसह, त्याच दालनांत मांडावा. दप्तरांतील अहवाल कितीही चोख असला तरी तो पाहणाऱ्यासमोर नसतो.

यावर कोणी म्हणेल कीं, आपल्या शास्त्रांत जीर्णोद्धार म्हणजे नव्यानें सिद्ध करणेंच होय. मयमतांत आणि अग्निपुराणांत जीर्णोद्धाराचा स्वतंत्र अध्याय आहे, हें आम्हांस ठाऊक आहे. पण तो विधि देवालयाचा. तेथें पूजा अखंड चालावी हा हेतु असतो. भंगलेली मूर्ति विसर्जन करून नवी स्थापिली तरी देव तोच राहतो. संग्रहालयांत भंगलेपण हाच पुष्कळदां पुरावा असतो. याचा दाखला शोधावयास लांब जावें लागत नाहीं. इमारतीच्या बाहेरच घारापुरीचा पाषाणाचा हत्ती उभा आहे. विलायतेस नेण्यासाठीं उचलतांना तो पडून फुटला आणि पुढें तुकडे जोडून येथें उभा केला गेला. फुटण्याची ही हकीकत कोणी लपविली नाहीं, आणि तीमुळें हत्तीची योग्यता कमी झाली असें कोणास वाटतही नाहीं.

आतां विस्ताराविषयीं. २०१४ सालीं स्पर्धा होऊन अमेरिकेचे वास्तुशिल्पी स्टीव्हन हॉल यांचा आराखडा उत्तरेकडील नव्या इमारतीसाठीं निवडण्यांत आला. पुढें ती योजना रखडली. सुमारें सव्वा लाख चौरस फूट क्षेत्र, पांढऱ्या काँक्रीटचा घनाकार, त्यांत कोरून काढलेल्या खांचांतून आंत येणारा उजेड, आणि समोर पाण्याचा हौद, असें तिचें स्वरूप होतें. जुन्यापुढें हें विजोड दिसेल असा आक्षेप घेणाऱ्यांशीं आम्ही सहमत नाहीं. नव्यानें नवें दिसावें हेंच उत्तम. सूत्राच्या शेजारीं भाष्य असावें. सूत्राच्या भाषेंत रचलेलें भाष्य हा शुद्ध प्रक्षेप होय. १८७२ च्या धर्तीचे खांब २०१४ मध्यें ओतले असते तर पुढच्या पिढीस पुन्हां तोच प्रश्न पडला असता, जो आमच्या विद्यार्थ्यास पडला.

आमची हरकत वेगळी आहे. कागद, कापड व रंग यांचे तीन शत्रु: उजेड, दमट हवा आणि कसर. ज्या आराखड्याचें मुख्य भूषण उजेड आणि पाणी हें आहे, त्यानें मुंबईच्या आषाढांत पोथीचा काय निभाव लागेल याचा विचार सर्वांआधीं दाखवावयास हवा. छायाचित्रांत हौद फार सुंदर दिसतो खरा. योजना कधींकाळीं पुन्हां हातीं घेतली गेली, तर दालनांच्या संख्येआधीं कोठाराची जागा, प्रत तपासण्याची अभ्यासिका आणि वस्तूंची छापील सूचि यांची चौकशी व्हावी. जुन्या वृक्षांनीं भरलेल्या बागेच्या शेजारीं बांधावयाचें, तर त्या जागेचें मोल अशानेंच फिटेल.

ज्यांच्या नांवानें हें संग्रहालय आहे ते भाऊ दाजी अजिंठ्याचे व जुनागडचे लेख वाचणारे पंडित होते. त्यांच्या संस्कृत पोथ्या मात्र एशियाटिक सोसायटीच्या टाउन हॉलांत आहेत, आणि त्या तेथेंच राहाव्या. संग्रह फोडणें पाप आहे. परंतु नवी इमारत होवो वा न होवो, त्यांनीं वाचलेल्या लेखांचे ठसे, त्यांच्या वाचनासह व नंतरच्या विद्वानांनीं सुचविलेल्या पाठांसह, जुन्याच इमारतीच्या एका भिंतीवर लावतां येतील. त्यास सव्वा लाख चौरस फूट लागत नाहींत.